आफ्रिकेतले अल्पभूधारक शेतकरी आणि बायोचार: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बायोचारबद्दल दोन टोकांची मतं ऐकू येतात. एका बाजूला ‘मातीवरचा रामबाण उपाय’, दुसऱ्या बाजूला ‘कोळसा पुरून कधी पीक येतं का?’ केनिया, झांबिया, लायबेरिया या देशांतल्या छोट्या शेतकऱ्यांचा अनुभव या दोन्हींपेक्षा जास्त शिकवणारा आहे. शेतीत रस असलेले वाचक जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात, त्यांची उत्तरं त्याच अनुभवाच्या आधारानं इथे दिली आहेत.

बायोचार म्हणजे कोळसाच ना?

हो, कोळसाच. फरक हेतूचा आहे: हा जाळायला नाही, मातीत घालायला केलेला असतो. काडीकचरा उघड्यावर पूर्ण जळाला की राख उरते. तोच कचरा हवा तोडून साधारण ३५० ते ७०० अंश सेल्सियसला तापवला, की त्यातला वायू निघून जातो आणि कार्बनचा सांगाडा मागे राहतो. या सांगाड्याला असंख्य बारीक छिद्रं असतात. त्यांत पाणी थांबतं, आणि कोळशाच्या पृष्ठभागावर अन्नद्रव्यं धरली जातात.

पालापाचोळा मातीत कुजला तर त्यातला बहुतेक कार्बन काही हंगामांत हवेत परत जातो. कोळशाचा मोठा भाग मात्र शेकडो वर्षं टिकतो. बायोचारकडे खत म्हणून पाहिलं की निराशा ठरलेली. त्याला कणगी समजावं; धान्य वेगळं आणून भरावं लागतं.

आफ्रिकेतच याची एवढी चर्चा का?

कारण तिथल्या बऱ्याच जमिनींचं दुखणं नेमकं याच औषधाला मानवणारं आहे. सहाराच्या दक्षिणेकडच्या मोठ्या पट्ट्यातली माती फार जुनी आणि झिजलेली आहे. लाखो वर्षांच्या पावसानं तिच्यातला चुना, पोटॅश, मॅग्नेशियम धुऊन नेलं. उरली ती लोह-ॲल्युमिनियमची तांबडी, आम्लधर्मी माती. सामू (पीएच, मातीचा आम्लपणा दाखवणारा आकडा) साडेपाचच्या खाली गेला की ॲल्युमिनियम विरघळून मुळांना पोळतं, आणि घातलेलं स्फुरद मातीत अडकून पडतं. वरून दिलेलं नत्र पुढच्या मोठ्या पावसात खाली निघून जातं.

त्यात खत मुळातच कमी. २००६ मध्ये नायजेरियातल्या अबुजा इथे आफ्रिकी देशांनी ठरवलं होतं की २०१५ पर्यंत खताचा वापर हेक्टरी ५० किलो अन्नद्रव्यांपर्यंत न्यायचा. मुदत संपली तेव्हा सरासरी त्याच्या निम्म्यावरही पोचली नव्हती. मलावी आणि झांबियाला समुद्रकिनारा नाही; परदेशातून आलेलं खताचं पोतं शेजारच्या देशाच्या बंदरातून शेकडो किलोमीटर ट्रकनं येतं आणि वाटेत महाग होत जातं. इतकं महाग खत मुळांपाशी टिकवून धरणारी कोणतीही वस्तू अशा शेतकऱ्याला मोलाची वाटते.

२०१७ मध्ये जगभरच्या प्रयोगांचे आकडे एकत्र करून पाहिले गेले. उष्ण कटिबंधात बायोचारनं उत्पादन सरासरी २५ टक्क्यांनी वाढलेलं दिसलं. युरोपसारख्या समशीतोष्ण भागात सरासरी वाढ शून्य. तिथली माती आधीच बरी, सामू बरा, खत भरपूर. तिथे कणगी भरलेलीच असते.

हे तंत्र बाहेरच्या शास्त्रज्ञांनी आफ्रिकेत नेलं का?

हा समज आधी दूर व्हायला हवा. बायोचारचा विषय निघाला की ॲमेझॉनच्या खोऱ्यात जुन्या लोकांनी कोळसा-कचरा मिसळून केलेल्या काळ्या मातीचं, ‘तेर्रा प्रेता’चं नाव हमखास घेतलं जातं. पण तशीच माती पश्चिम आफ्रिकेत आजही तयार होते आहे, आणि ती करणाऱ्यांमध्ये बायकांचा वाटा मोठा आहे.

जेम्स फेअरहेड, दावित सॉलोमन, योहानेस लेहमान आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लायबेरिया आणि घानामधल्या अशा जागांचा अभ्यास २०१६ मध्ये प्रसिद्ध केला. वायव्य लायबेरियात लोमा लोकांच्या गावांभोवती काळ्या मातीची कडी आहेत. चुलीतला कोळसा आणि राख, हाडं, पामतेल काढताना उरलेला चोथा, स्वयंपाकघरातला ओला कचरा हे सगळं पिढ्यान्‌पिढ्या ठरावीक जागी पडत आलं. आजूबाजूच्या तांबड्या, नापीक मातीच्या तुलनेत या मातीत सेंद्रिय कार्बन २०० ते ३०० टक्के जास्त सापडला. काही जागा शे-सव्वाशे वर्षांच्या, तर काही जवळपास सातशे वर्षं जुन्या निघाल्या. गावातली म्हातारी माणसं काळ्या थराच्या जाडीवरून सांगतात की गाव किती जुनं आहे.

मला या विषयातली ही सर्वांत महत्त्वाची गोष्ट वाटते. परदेशी भट्टी घेऊन गावात शिरणाऱ्यानं आधी परसातल्या काळ्या मातीकडे बघावं आणि ती कुणी केली ते विचारावं.

उत्पादन खरंच वाढतं का? नेमके आकडे सांगा.

पश्चिम केनियाच्या डोंगराळ भागात जंगल तोडून शेतं झाली, ती टप्प्याटप्प्यानं. काही शेतं पाच वर्षांपूर्वीची, काही शंभर वर्षांच्या वरची. जितकं शेत जुनं, तितका मका कमी. जोसेफ किमेतू आणि सहकाऱ्यांनी अशा वेगवेगळ्या वयाच्या शेतांत कोळसा घालून पाहिला आणि २००८ मध्ये निष्कर्ष मांडले. सर्वांत थकलेल्या जमिनीत मका हेक्टरी सुमारे ३ टनांवरून ६ टनांवर गेला. नुकत्याच तोडलेल्या जंगलाच्या जमिनीत एवढा फरक पडला नाही, कारण तिथे माती अजून जिवंत होती.

दुसरं उदाहरण झांबियाचं. पश्चिमेकडचा काओमा जिल्हा कालाहारीच्या वाळूवर वसलेला आहे. जमीन अशी की ओतलेलं पाणी बघता बघता दिसेनासं होतं. तिथे हेक्टरी ४ टन बायोचार, तोही फक्त पेरणीच्या खड्ड्यांत घातला. बायोचार घातलेल्या आणि न घातलेल्या वाफ्यांत खत सारखंच होतं. मका तिपटी-चौपटीच्या घरात गेला. एका वाफ्यापासून दुसऱ्यापर्यंत आकड्यांत मोठी तफावत होती आणि मुळातलं उत्पादन फारच कमी होतं, हे लक्षात ठेवूनच हा आकडा वाचावा. त्याच अभ्यासात जड, चिकणमातीच्या ठिकाणी मात्र ठळक फरक दिसला नाही.

टिकाऊपणाचं म्हणाल, तर केनियात एम्बू, काकामेगा आणि सियाया इथे २००६ पासून दहा वर्षं मका-सोयाबीनची फेरपालट करून मोजमाप झालं. बायोचार सुरुवातीलाच घातला होता; त्याचा फायदा दहाव्या वर्षापर्यंत दिसत राहिला, खत घातलेल्या वाफ्यातही आणि न घातलेल्यातही. पण मात्रा होती हेक्टरी १०० टन. विज्ञानासाठी तो प्रयोग मोलाचा आहे. शेतकऱ्यासाठी ती मात्रा अशक्य आहे.

काळ्या जमिनीत घातला तर?

केनियातल्या म्वेआ या भातपट्ट्यात आपल्यासारखीच काळी, उन्हाळ्यात भेगाळणारी जमीन आहे. अशी जमीन पाणी आणि अन्नद्रव्यं स्वतःच घट्ट धरते, म्हणून तिथे बायोचारकडून फार अपेक्षा ठेवू नये. म्वेआत गिरण्यांशेजारी भाताच्या तुसाचे ढीग साचतात. त्या तुसाचा कोळसा करून, त्यात अन्नद्रव्यं मिसळून खत बनवण्याचा उद्योग तिथे उभा राहिला आहे. आजूबाजूच्या आम्लधर्मी तांबड्या जमिनींना तो माल जास्त उपयोगी पडतो.

बायोचार करायला भट्टी विकत घ्यावी लागते का?

नाही. फावडं आणि जमिनीत एक खड्डा पुरतो.

स्वित्झर्लंडमध्ये २०१४ च्या सुमारास हान्स-पीटर श्मिट आणि पॉल टेलर यांनी ‘कॉन-टिकी’ नावाची शंकूच्या आकाराची उघडी भट्टी विकसित केली. ती पोलादाची होती. लवकरच लक्षात आलं की तोच आकार जमिनीत खणला तरी काम भागतं: वर दीड मीटर रुंद, खाली निमुळता, कंबरेएवढा खोल.

खड्ड्याच्या तळाशी आग पेटवायची. जाळ चांगला धरला की वाळलेल्या काड्यांचा पातळ थर टाकायचा. तो पेटून त्यावर पांढुरकी राख धरायला लागली की लगेच पुढचा थर. वरचा जाळ सगळी हवा खाऊन टाकतो, त्यामुळे खालच्या थराला हवा मिळत नाही आणि तो जळून राख होण्याऐवजी कोळसा होऊन राहतो. खालून निघणारा वायूही वरच्या जाळात जळतो. म्हणून नीट चाललेल्या भट्टीला धूर जवळजवळ नसतो. पांढरा, दाट धूर निघाला तर काडी ओली आहे किंवा थर घाईनं जाड टाकला गेला आहे. तो धूर माणसाला वाईट आणि हवेलाही, कारण त्यात मिथेन असतो.

दोन-तीन तासांत खड्डा भरतो. मग पाणी ओतून विझवायचा. पाण्याची टंचाई असेल तर मातीनं गच्च झाकून दुसऱ्या दिवसापर्यंत ठेवायचा. पण आत निखारा जिवंत राहिला तर सकाळी फक्त राख सापडते. वाळलेल्या मालाच्या वजनाच्या साधारण पाचवा हिस्सा कोळसा मिळतो. तुकडा हातात मोडून हात नुसत्या पाण्यानं धुवावा; काळेपणा सहज गेला तर कोळसा उत्तम, चिकट, तेलकट डाग राहिला तर डांबर शिल्लक आहे. कुटताना कोळसा ओला असू द्या. ती धूळ फुप्फुसात जायला नको.

स्वयंपाक करता करता बायोचार करता येतो म्हणतात, ते खरं का?

खरं आहे, आणि केनियात त्यावर मन लावून काम झालं आहे. तिथल्या औद्योगिक संशोधन संस्थेनं बनवलेली वायू-चूल एम्बू, क्वाले आणि सियाया भागातल्या घरांत देऊन पाहिली. मेरी न्जेंगा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बायकांसोबत बसून सरपण मोजलं, धूर मोजला, तक्रारी ऐकल्या. डब्यात सरपण उभं भरायचं आणि वरून पेटवायचं. आग वरून खाली सरकते, निघणारा वायू निळसर जाळानं जळतो, आणि शेवटी डब्यात कोळसा उरतो. तीन दगडांच्या चुलीपेक्षा सरपण कमी लागतं. धूर खूपच कमी होतो, आणि त्याचा फायदा रोज चुलीपाशी बसणाऱ्या बाईला आणि तिच्या मांडीवरच्या बाळाला थेट मिळतो.

अडचणी आहेत. सरपण बोटाएवढं बारीक तोडावं लागतं. ते काम बहुधा बाईच्याच वाट्याला येतं. डबा एकदा पेटला की मध्येच सरपण घालता येत नाही. उगाली, म्हणजे मक्याच्या पिठाचा घट्ट गोळा, सहज होतो. पण गिथेरी, म्हणजे मका आणि घेवड्याचे दाणे एकत्र शिजवायचे, तर दोन-तीन तास लागतात, आणि तेवढ्यात डबा संपतो. शिवाय उरलेला कोळसा उद्याच्या चहाला चालतो. तो शेतात टाकायचा की पुन्हा जाळायचा? ज्या घरात सरपणाची चणचण आहे तिथे ‘शेतात टाका’ असा सल्ला देण्याआधी थांबायला हवं.

एका शेतकऱ्याला किती बायोचार लागतो? एवढा माल आणायचा कुठून?

खरी गाठ इथेच आहे, म्हणून हिशोब सविस्तर मांडतो.

समजा, एक एकर (०.४ हेक्टर) मका आहे आणि उत्पादन हेक्टरी दीड टन. म्हणजे घरात ६ क्विंटल मका आला. दाणे काढल्यावर बुरकुंडं उरतील साधारण ११० ते १२० किलो. त्यांचा कोळसा होईल जेमतेम २५ किलो.

झांबियात संवर्धित शेती, म्हणजे न नांगरता शेती, करणारे कुदळीनं कायमचे खड्डे खणतात आणि दरवर्षी त्याच खड्ड्यात पेरतात. हेक्टरी सुमारे १५,८०० खड्डे होतात. हेक्टरी ४ टन मात्रा या खड्ड्यांत वाटली तर प्रत्येकाला अंदाजे २५० ग्रॅम, म्हणजे दोन-तीन ओंजळी. आपल्या २५ किलोत १०० खड्डे होतील. एकरभरात खड्डे आहेत ६,३०० च्या आसपास.

ताटं, पानं असा सगळा कडबा भट्टीत घातला तर सात-आठशे खड्डे आणखी होतील. पण कडबा गाईची वैरण आहे, काही घरांत चुलीचं सरपण आहे, आणि उरला तर जमिनीवरचं आच्छादन आहे. तो जाळा म्हणणं म्हणजे गाईच्या तोंडचा घास काढणं, आणि मग शेणखतही कमी होणार.

म्हणून ज्यांनी हे नेटानं चालवलं आहे ते तीन गोष्टी करतात. एक, सगळ्या शेतात न फेकता फक्त खड्ड्यात किंवा ओळीत घालतात; शेताचा दहावा हिस्सासुद्धा त्यात येत नाही. दुसरं, दरवर्षी थोडे खड्डे पुरे करतात, कारण एकदा घातलेला कोळसा जागेवर राहतो. तिसरं, ज्याला दुसरा उपयोग नाही असा माल शोधतात: बुरकुंडं, भाताचं तूस, इथिओपियात जिम्मा भागात कॉफीची टरफलं, तुराट्या.

तुराट्यांचा उल्लेख मुद्दाम केला. मलावी, मोझांबिक, टांझानिया हे तूर पिकवणारे देश, आणि आपल्या वरणातली बरीच तूर तिकडून येते. मक्याच्या ओळींत तूर लावली तर शेंगा घरात, पाला जमिनीवर आणि वाळल्या काड्या भट्टीत जातात. झांबियात मुकुशी इथे तुराट्यांचाच बायोचार करून त्यावर संशोधन झालं आहे. मला हा मार्ग सर्वांत समंजस वाटतो, कारण त्यात कुणाचंच काही हिरावलं जात नाही.

नुसता बायोचार टाकला तर चालतं का?

चालतं म्हणण्यापेक्षा, पहिल्या हंगामात तोटाही होऊ शकतो. ताजा कोरडा कोळसा मातीतलं नत्र स्वतःकडे ओढतो आणि रोपं पिवळी पडतात. आधी तो शेणखताच्या ढिगात, कंपोस्टमध्ये किंवा गोमूत्रात काही आठवडे मुरवावा. नेपाळमध्ये भोपळ्यावर झालेला २०१५ चा प्रयोग प्रसिद्ध आहे: गोमूत्रात भिजवलेला बायोचार हेक्टरी टनापेक्षाही कमी, मुळांपाशी घातला, तर नुसत्या गोमूत्राच्या तुलनेत उत्पादन चौपट आलं. गोठ्यात जनावरांखाली कोळशाचा चुरा पसरला तर हे काम आपोआप होतं आणि वासही कमी होतो.

यानं जंगलतोड वाढणार नाही का?

चुकीच्या पद्धतीनं केलं तर नक्की वाढेल. शहरांना लागणाऱ्या कोळशासाठी झाडं आधीच पडत आहेत. बायोचारसाठी उभं झाड तोडणं मला कोणत्याही हिशोबात पटत नाही. अपवाद उपऱ्या, माजलेल्या झुडपांचा. केनियात बारिंगो भागात वेडी बाभूळ, तिथली ‘माथेंगे’, चराऊ रानं गिळत चालली आहे. आपल्याकडे गुजरातमधली हीच वेडी बाभूळ तोडून बायोचार करण्याचा मोठा कार्बन करार २०२५ च्या जानेवारीत जाहीर झाला.

कार्बन क्रेडिटचे पैसे शेतकऱ्याला मिळतात का?

मिळू शकतात. कार्बन क्रेडिट म्हणजे हवेत परत न जाता मातीत टिकलेल्या कार्बनचं विकता येणारं प्रमाणपत्र. एक टन चांगल्या कोळशात ७०० किलोच्या आसपास कार्बन असतो. हवेतल्या कार्बन डायऑक्साइडच्या हिशोबात तो अडीच टन. त्यातला न टिकणारा भाग वजा करून उरलेल्याचं प्रमाणपत्र होतं. अलीकडे गावातल्या छोट्या खड्डा-भट्टीसाठीही नियमावली झाली आहे: प्रत्येक भट्टीचे मोबाइलवर फोटो, माल वाळलेला होता याची नोंद, कोळसा जाळला नाही, मातीत गेला याचा पुरावा.

पण मोजणी, तपासणी, दलाली यांत मोठा हिस्सा जातो. एका शेतकऱ्याचा वर्षाचा कोळसा आपण वर पाहिला, तो काही किलोत आहे. गट असल्याशिवाय हे परवडत नाही. नैऋत्य कॅमेरूनमध्ये २००९ च्या सुमारास शेतकऱ्यांनी अशाच आशेवर एका बायोचार प्रकल्पाला आपली जमीन आणि अंगमेहनत दिली. पहिल्या हंगामाचे आकडे जगभर मिरवले गेले, पुढचा टप्पा झाला नाही, शेतकऱ्यांना पैसे मिळाले नाहीत. त्या गावांची आठवण ठेवूनच कागदावर सही करावी. प्रति टन किती रुपये, कधी, आणि प्रकल्प बंद पडला तर काय, हे तीन प्रश्न आधी विचारावेत. पिकात फायदा होत असेल तरच हात घालावा.

आपल्या कोकणातला राब म्हणजेही बायोचारच का?

जवळचा नातेवाईक आहे, तोच नव्हे. उत्तर झांबियात बेम्बा लोकांची ‘चितेमेने’ नावाची जुनी पद्धत आहे. शेताच्या कितीतरी पट मोठ्या क्षेत्रातल्या फांद्या छाटायच्या, त्या मधोमध रचून जाळायच्या आणि त्या राखेत पहिलं पीक घ्यायचं ते नाचणीचं. सह्याद्रीत भात-नाचणीच्या रोपासाठी टाहाळ, शेण, पालापाचोळा आणि मातीचा थर रचून जमीन भाजतात, ती कोकणातल्या माणसाला सांगायला नको. दोन्हीकडे हेतू एकच: आम्लधर्मी जमिनीला राखेतला चुना-पोटॅश देणं आणि तणाचं बी मारणं. पण यात बहुतेक कार्बन जळून जातो, आणि राखेचा गुण एका-दोन पावसांत वाहून जातो. हवा तोडली असती तर काही हिस्सा कोळसा म्हणून मागे राहिला असता.

मग महाराष्ट्रात करून बघावं का?

जांभ्या मातीत, वरकस जमिनीत, हलक्या मुरमाड रानात जरूर. तिथलं दुखणं पश्चिम केनियाच्या जवळचं आहे. सामू आठच्या पुढे असलेल्या काळ्या जमिनीत राखट कोळसा सामू आणखी चढवेल, तिथे हात आखडता ठेवा. विदर्भ-मराठवाड्यात बांधावर पेटवून दिल्या जाणाऱ्या पऱ्हाट्या खड्डा-भट्टीला उत्तम, फक्त कडकडीत वाळलेल्या हव्यात.

सुरुवात एका गुंठ्यावर करा. चार ओळींत मुरवलेला बायोचार घाला, शेजारच्या चार ओळी तशाच सोडा. शेणखत आणि रासायनिक खत दोन्हीकडे सारखं. काढणीला दोन्हींचं वजन वेगळं करून वहीत लिहा. ओळींच्या टोकाला खुंट्या ठोका आणि पहिल्या वर्षी फरक दिसला नाही तरी त्या उपटू नका. नांगरटीच्या वेळी गड्यालाही तसं सांगून ठेवा.